'माझा दादा तसा नाही'

२०२५ सालच्या राखीपौर्णिमेच्या आधीची गोष्ट. संध्याकाळी दार वाजलं. दारात आमच्या कॉलेजातली अकरावीची मुलगी. हातात वही, म्हणजे अभ्यासाचं निमित्त. वही काही उघडली नाही. चहा झाला, पाऊस कसा नाही यावर बोलून झालं आणि मग एकदम म्हणाली, "मॅडम, माझा दादा तसा नाहीये हो."

'तसा' म्हणजे कसा, हे मी विचारलंच नाही. हे वाक्य मी वयाच्या पंधराव्या वर्षी इतक्या वेळा म्हटलंय, की त्याचा पुढचा भाग मला पाठ आहे.

हिचा दादा स्पर्धा परीक्षेच्या तयारीसाठी पुण्यात राहतो. घरातला पहिला पदवीधर. हिला गणित त्याने शिकवलं, सायकल त्याने शिकवली, 'तुला मी अधिकारी करणार' म्हणणाराही तोच. दीड वर्षापासून तो मोबाइलवर पैसे लावून रमी खेळतोय, हे फक्त हिला ठाऊक. आई बचत गटाची खजिनदार. काही बायका हप्ते रोख देतात, काही आईच्या मोबाइलवर पाठवतात. आता आपल्याकडे बहुतेक घरांत असतं तसंच, मोबाइल आईचा, पण पिन लेकीला माहीत. दादाचा फोन आला, "फक्त चार दिवसांसाठी पाठव, शप्पथ." हिने पाठवले. एकदा नाही, तीनदा. सगळे मिळून अडतीस हजार.

चार दिवसांनी गटाची बैठक होती. हिशेब जुळत नव्हता आणि बायकांचा संशय वही लिहिणाऱ्या बाईवर होता. नवऱ्याने टाकलेली, दोन लेकरांची आई. 'तिलाच गरज होती ना पैशांची,' असं बोललं जायला लागलं होतं.

मैत्रिणींनो, ते ऐकलं आणि मला आमच्या घरची १९८८ सालची दिवाळी आठवली. ही गोष्ट मी आजवर फार कमी लोकांना सांगितलीय. त्या दिवशी त्या मुलीला सांगितली, आज तुम्हाला सांगते. (मुलीच्या घरचे तपशील ओळख पटू नये म्हणून थोडे बदललेत. माझे बदललेले नाहीत.)

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात वाढले. वडील जिल्हा परिषदेत कारकून, आई घरी ब्लाऊज शिवायची. दादा माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. दादा म्हणजे काय होता, कसं सांगू? कबड्डीत चढाईला गेला की गल्ली ओट्यावर उभी राहायची. बंद पडलेला रेडिओ खोलून पुन्हा वाजता करायचा. वाचनालयातून माझ्यासाठी 'फास्टर फेणे' आणायचा आणि आधी स्वतः वाचून मग मला शेवट सांगायची धमकी द्यायचा. एका बाजूने वर जाणारं त्याचं हसू होतं. त्या हसण्यावर आई रागवायची थांबायची, वडीलही थांबायचे. माझं तर काय, मी त्याच्या चालीने चालायला बघायची.

डिप्लोमा करायला सोलापूरला गेला आणि दुसऱ्या वर्षी परत आला. "नापास नाही गं, विषय राहिलेत," असं म्हणाला आणि मी ते शाळेत तसंच्या तसं सांगितलं. मग मंडळाचं काम, रात्रीची जागरणं. तोंडाला वास यायला लागला तेव्हा मी त्याच्यासाठी बडीशेप वाटीत काढून ठेवायची. आईने विचारलं तर "दादा केव्हाच आला, झोपलाय," असं सांगायची. टपरीमागे मटक्याचा आकडा लावतो हे कळलं, तेव्हाही मला त्यात काहीतरी धाडसच वाटलं. मोठ्या माणसांना न जमणारं काहीतरी दादाला जमतं, असं.

दिवाळीच्या आधी एका दुपारी तो म्हणाला, "आईची पाटली दोन दिवसांसाठी हवीय. एकच. आकडा लागला की सोडवून आणतो. तुझ्याशिवाय कुणाला सांगू?"

हे शेवटचं वाक्य लक्षात घ्या. पंधरा वर्षांच्या मुलीला घरात कुणी असं म्हणत नाही. तिला 'मध्ये बोलू नकोस' म्हणतात, 'ताटं घे' म्हणतात. आणि इथे घरातला सगळ्यात मोठा माणूस (माझ्या लेखी तोच मोठा) मला विश्वासात घेत होता. किल्ली देवघरात फोटोमागे असायची. मी काढून दिली.

लक्ष्मीपूजनाला आईने डबा उघडला आणि जोडीतली एकच पाटली निघाली.

पहिला अर्धा तास कुणी काही बोललं नाही. मग आत्या म्हणाली, "कपाटाच्या खोलीत कोण कोण येतं?" आमच्याकडे धुण्याभांड्याला एक मावशी यायच्या. सात वर्षांपासून. माझी वेणीही कितीदा त्यांनीच घातलेली. पाडव्याच्या सकाळी त्या नव्या लुगड्यात आल्या, फराळाला डबा घेऊन. त्यांना अंगणातच थांबवलं. "वैनी, पोटच्या लेकराची आण, म्या न्हाई हात लावला," त्या म्हणत होत्या. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात. तीही मागे उभी होती. डबा रिकामाच परत गेला.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी उभी होते. दादा आत पाटावर बसून चकली खात होता. मी आत जाऊन म्हटलं, "दादा, सांग ना." तो म्हणाला, "तुला कुणी काही म्हणालं का? मग गप बस." आणि दही मागितलं.

चकलीबरोबर दही. इतक्या वर्षांनीही मला ते दहीच आठवतं. तो दारू पितो, आकडा लावतो, हे सगळं माझ्या मनाने कुठे ना कुठे बसवून घेतलं होतं. पण बाहेर एक बाई आपल्या लेकराच्या आणा घेत असताना कुणी दही मागू शकतं, हे कुठेच बसेना.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज. मी ओवाळलं. त्याने ताटात पन्नासची नोट आणि वर एक रुपया टाकला आणि हळूच म्हणाला, "बघ, मिटलं ना." तेच एका बाजूने वर जाणारं हसू. मी पहिल्यांदाच त्याच्याकडे नीट पाहिलं असेन. एकवीस वर्षांचा, डोळे लाल झालेला, भ्यालेला मुलगा होता. ते एक्कावन्न रुपये कशाचे होते हे आम्हा दोघांनाच ठाऊक होतं.

आठवड्याने धीर करून आईला सांगितलं. आई शिवणाच्या मशीनवर होती. तिने पाय थांबवला नाही. म्हणाली, "ठाऊक आहे मला. आता कुठे बोलू नकोस. त्याचं नाव खराब झालं तर उद्या तुझ्या लग्नाला अडचण येईल."

म्हणजे आईलाही माहीत होतं. मला वाटतं, त्या दिवशी मी एका भावाला नाही, अख्ख्या घरालाच वेगळ्या नजरेने बघायला लागले. आईचा राग मला पुष्कळ वर्षं पुरला. आज तिचंही कळतं. तिच्या हातात दुसरं होतं तरी काय? पण कळतं म्हणजे पटतं असं नाही.

मधली वर्षं थोडक्यात सांगते, कारण अशी घरं तुम्ही पाहिलीच असतील. नोकऱ्या लागल्या आणि सुटल्या. लग्न झालं आणि दीड वर्षात वहिनी माहेरी गेली. १९९६ साली आम्ही त्याला पुण्याला 'मुक्तांगण'मध्ये नेलं. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते केंद्र १९८६ साली सुरू केलं. अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लिहिलेली लेखमाला वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे मदतीला उभे राहिले, ही हकीकत अनेकींनी वाचली असेल. व्यसन हा आजार आहे आणि तो एकट्या पिणाऱ्याचा नसतो, सगळं घर त्यात सापडलेलं असतं, हे मला तिथे पहिल्यांदा शब्दांत कळलं. बडीशेपेची वाटी, 'दादा झोपलाय', फोटोमागची किल्ली... मी प्रेम म्हणून जे जे केलं त्याने त्याचं व्यसन सोपं केलं होतं.

एक मात्र खटकतं. व्यसनी माणसाच्या बायकोचं दुःख आपण जाणतो, आईचं जाणतो. धाकट्या बहिणीला कोण विचारतं? अमेरिकेत व्यसनी माणसांच्या नातेवाइकांसाठी 'अल-अनॉन' १९५१ साली सुरू झालं आणि १९५७ साली त्यातूनच 'अलाटीन' हा खास किशोरवयीन मुलांचा गट निघाला. मुलांना मोठ्यांसमोर बोलता येत नाही, एवढं तरी तिथे कुणाच्या लक्षात आलं. आपल्याकडे अशा मुलीला दर राखीपौर्णिमेला 'रक्षण करणाऱ्या' भावापुढे बसवतात आणि गोड बोल म्हणतात.

दादा दोनदा घसरला, तिसऱ्यांदा टिकला. सोलापूरला अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या सभांना जायचा. त्यांच्या बारा पायऱ्यांत दोन पायऱ्या अशा आहेत, की आपण ज्यांचं ज्यांचं नुकसान केलं त्यांची यादी करायची आणि शक्य तिथे भरपाई करायची. त्याने यादी केली. मला दाखवली. आई, वहिनी, मी, दोन मित्र, एक दुकानदार. मी विचारलं, "मावशी कुठे आहेत यात?"

"कोणत्या मावशी?" दादा म्हणाला.

तो नाटक करत नव्हता. त्याला खरंच आठवत नव्हतं. पाटली आठवत होती. ती त्याने आईच्या नावापुढे लिहिली होती. अंगणातली बाई त्याच्या आठवणीत कुठेच नव्हती. मला राग येईल असं वाटलं होतं, पण एकदम लक्षात आलं, की हे नाव त्याच्या यादीत नसलं तरी माझ्या यादीत आहे. किल्ली मी दिली होती. गप्प मी बसले होते.

दादा २००६ साली गेला. शेवटची चार वर्षं तो प्यायला नाही, पण लिव्हरने आपला हिशेब आधीच मांडला होता. त्यानंतरच्या दिवाळीत मी मावशींच्या घरी गेले. मावशी पाच वर्षांपूर्वीच वारल्या होत्या. मुलगी भेटली, माझ्या वर्गातली. अंगणवाडीत सेविका झाली होती. मी सगळं सांगितलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "त्या सालानंतर आईला त्या गल्लीत कुणी काम दिलं नाही. मी नववीतच बसले असते घरी, पण तिने दोन कोस लांबची कामं धरली." चहा दिला. माफ केलं असं म्हणाली नाही आणि मीही विचारलं नाही.

हे सगळं ऐकून अकरावीतली मुलगी म्हणाली, "पण मॅडम, मी बोलले तर दादा मला तोंडसुद्धा दाखवणार नाही."

"हो," मी म्हटलं. "कदाचित नाही दाखवणार."

खोटं कशाला सांगायचं? त्याच रात्री तिने आईला सांगितलं. आईने आधी एक थोबाडीत दिली आणि मग अगदी माझ्या आईचंच वाक्य बोलली, "बाहेर बोलू नकोस." दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेले. दोरा ओवत तिची आई माझ्याकडे न बघता म्हणाली, "गटात तोंड कसं दाखवू?" मी म्हटलं, "त्या वही लिहिणाऱ्या बाईनं कसं दाखवायचं?" त्यावर त्या गप्प झाल्या. दोन तासांनी मी उठले तेव्हाही गप्पच होत्या.

बैठकीत मात्र त्या स्वतः उभ्या राहिल्या. खजिनदारपद गेलं, ते जायलाच हवं होतं. बारा हप्त्यांत रक्कम फेडायची असं ठरलं. वही लिहिणारी बाई रडली, पण वही तिने दुसऱ्या कुणाला दिली नाही. पुण्याहून दादाचा फोन आला आणि त्याने बहिणीला जे ऐकवलं ते मी इथे लिहीत नाही. राखीला तो आला नाही.

त्याच महिन्यात संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. चांगलंच झालं. पण बंदीने देणं फिटत नाही आणि चटकही सुटत नाही. महाराष्ट्रात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तेव्हा पानटपऱ्यांवर काय झालं ते आपण पाहिलंय. मुलीला मी दोन नंबर लिहून दिले. १४४१६ हा 'टेली-मानस'चा, मनाच्या त्रासासाठी, मराठीतही बोलता येतं. आणि १४४४६ हा व्यसनमुक्तीचा. पहिल्या नंबरावर तिने दादासाठी नाही, स्वतःसाठी फोन केला. मला ते बरं वाटलं.

दिवाळीआधी ती पुन्हा आली. या वेळी वही खरीच उघडली, अर्थशास्त्राची. जाताना चपला घालता घालता विचारलं, "मॅडम, त्या भाऊबीजेनंतर तुम्ही दादाला ओवाळलंत का कधी?"

"दर वर्षी," मी म्हटलं. "फक्त ताटात पैसे टाकू दिले नाहीत."

तिने थोडा विचार केला. "आमचा येतोय म्हणे या वेळी," म्हणाली. "आईनं करंज्या करायला घेतल्यात. मी आईच्या मोबाइलचा पिन बदललाय."