'वॉर्ड' म्हणजे नेमकं कोण? दवाखान्यातला, महापालिकेतला की शाळेच्या फॉर्मवरचा?

शाळेच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर इंग्रजी सूचना येते : 'युवर वॉर्ड' उद्या ओळखपत्र घेऊन यावा. त्याच दिवशी शेजारचे आजोबा जनरल वॉर्डमध्ये दाखल असतात आणि नाक्यावर वॉर्डातल्या तुंबलेल्या गटारावरून वाद सुरू असतो. मूल, खाटांची खोली आणि शहराचा तुकडा, या तिघांना एकच शब्द कसा काय?

या शब्दाचा मूळ अर्थ आहे राखण. हजारेक वर्षांपूर्वीच्या जुन्या इंग्रजीत 'वेअर्ड' म्हणजे राखणदार आणि 'वेअर्डियन' म्हणजे राखणं. पुढे या शब्दाने राखणदारावरून राखण्याच्या कामावर, कामावरून राखलेल्या जागेवर आणि शेवटी ज्याला राखायचं त्या माणसावर उडी मारली. इंग्लंडच्या विंडसर किल्ल्यातल्या तटबंद अंगणांना आजही अप्पर, मिडल आणि लोअर वॉर्डच म्हणतात. लंडनच्या जुन्या शहराचेही असेच विभाग पडले. आज 'सिटी ऑफ लंडन'मध्ये २५ वॉर्ड आहेत. मुंबई महापालिकेच्या २२७ प्रभागांना आपण बोलताना वॉर्ड म्हणतो, तो शब्द याच इंग्रजी नगरकारभारातून आला. रुग्णालयातला वॉर्ड मात्र बराच नंतरचा, अठराव्या शतकातला.

आपल्याकडे 'पहारा'ची गोष्टही अशीच आहे. तो आला 'प्रहर'वरून. आधी वेळेचं माप, मग तेवढा वेळ जागणं, मग राखण. इंग्रजी 'वॉच' उलट दिशेने गेला : आधी जागं राहणं आणि मग मनगटावरचं घड्याळ.

कुलपातही वॉर्ड

जुन्या पद्धतीच्या कुलपाच्या पोटात धातूच्या कडा असतात. चुकीची किल्ली फिरवली की ती या कडांना अडते. बरोबर किल्लीला नेमक्या त्याच जागी खाचा असतात, म्हणून ती सुटून फिरते. या कडांनाही 'वॉर्ड'च म्हणतात. पण या राखणदाराला चकवणं सोपं. किल्लीचा मधला सगळा भाग घासून फक्त खटका सरकवणारं टोक ठेवलं, तर अडायला काही उरतच नाही आणि एका किल्लीने अनेक कुलपं उघडतात. सुरक्षेसाठी ही कुलपं मागे पडली ती यामुळेच.

गॅरंटी आहे की वॉरंटी?

मोबाइल घेताना दुकानात हमखास विचारला जाणारा हा प्रश्न भाषेच्या दृष्टीने गमतीचा आहे, कारण दोन्ही शब्द मुळात एकच आहेत. जर्मानिक भाषांतला 'डब्ल्यू'चा उच्चार उत्तर फ्रान्सच्या बोलींत टिकला, पण पॅरिसकडच्या फ्रेंचमध्ये त्याचा 'ग' झाला. १०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यावर इंग्रजीने दोन्हीकडून उचल केली. म्हणून वॉरंटी-गॅरंटी, वॉर्डन-गार्डियन, रिवॉर्ड-रिगार्ड अशा जोड्या दिसतात. इंग्रजांचा विल्यम फ्रेंचांचा गियोम होतो तोही याच नियमाने. 'वॉर्ड' इंग्रजीच्या घरचा, तर 'गार्ड' फ्रेंचमार्गे परत आलेला त्याचाच भाऊ. (गॅरंटी-वॉरंटीचं कूळ यांच्याहून वेगळं मानलं जातं, पण प्रवासाची वाट हीच.)

कपड्यांचं 'वॉर्डरोब' म्हणजेही वस्त्रं राखण्याची जागा. 'एडवर्ड' म्हणजे संपत्तीचा राखणदार आणि 'स्टुअर्ड' म्हणजे घर राखणारा. 'लॉर्ड' तर ओळखूच येत नाही. तो जुन्या 'हलाफवेअर्ड'चा झिजलेला अवतार, म्हणजे पावाचा राखणदार. भाकरी ज्याच्या ताब्यात, तो मालक!

'फॉरवर्ड'मधला 'वर्ड' मात्र या घराण्यातला नाही. त्याचं मूळ 'वळणं' या अर्थाचं. संस्कृत 'वृत्' धातू त्याचा नातलग, म्हणजे आपलं 'वर्तुळ' आणि 'वर्तन' हे फॉरवर्डचे दूरचे भाऊबंद.

राखणदार कोण, हा कायद्याचा प्रश्न

आता शाळेच्या फॉर्मवरचा वॉर्ड. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाकडून जमीन धारण करणारा सरदार वारला आणि वारस अज्ञान असला, तर तो वारस राजाचा 'वॉर्ड' होई. त्याच्या जमिनीचं उत्पन्न आणि त्याचं लग्न ठरवण्याचा हक्क राजाकडे जाई. हे पालकत्व चक्क विकलं जाई. त्याच्या कारभारासाठी १५४० मध्ये 'कोर्ट ऑफ वॉर्ड्स' स्थापन झालं. १६६० मध्ये ही पद्धत कायद्याने संपली, पण नाव भारतात आलं. अज्ञान वारसांच्या जहागिऱ्या सांभाळायला इंग्रजांनी इथेही कोर्ट ऑफ वॉर्ड्स नेमली. मुंबई इलाख्यासाठी तसा कायदा १९०५ मध्ये झाला.

त्याआधीचा १८९० चा 'गार्डियन्स अँड वॉर्ड्स अ‍ॅक्ट' अजूनही लागू आहे. ज्या अज्ञान मुलाच्या देहाचा, मालमत्तेचा किंवा दोन्हींचा कोणी पालक आहे, ते मूल म्हणजे 'वॉर्ड', अशी त्याची व्याख्या. या नावात एकाच कुळातले दोन शब्द समोरासमोर बसलेत, एक राखणारा आणि दुसरा राखलेला. मराठीतही तसंच : पालक आणि पाल्य.

पण पालक कोण? १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याचं कलम ६ सांगतं : वडील आणि 'त्यांच्यानंतर' आई. लेखिका गीता हरिहरन यांनी १९८४ मध्ये अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी अर्ज केला, पालक म्हणून स्वतः सही केली. बँकेने वडिलांची सही मागितली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९९९ च्या निकालात न्यायालयाने म्हटलं, 'त्यांच्यानंतर' म्हणजे फक्त वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर 'त्यांच्या अनुपस्थितीत'. वडील मुलाकडे लक्षच देत नसतील, दूर असतील, आजारपणामुळे असमर्थ असतील किंवा दोघांनी तसं ठरवलं असेल, तर वडील हयात असतानाही आई नैसर्गिक पालक ठरू शकते.

कलमातले शब्द या निकालाने बदलले नाहीत. त्यातला क्रम अजून वडील आणि मग आई असाच आहे. २०१५ मध्ये मात्र सर्वोच्च न्यायालय आणखी पुढे गेलं. अविवाहित आईला मुलाचं पालकत्व मागताना वडिलांचं नाव उघड करण्याची किंवा त्यांना नोटीस पाठवण्याची सक्ती करता येणार नाही, असा निर्णय त्याने दिला. खालच्या न्यायालयांनी त्या आईचा अर्ज नेमका याच कारणावरून फेटाळला होता आणि तो अर्ज १८९० च्या त्याच कायद्याखाली केलेला होता.