अपुऱ्या दिवसांचं बाळ आणि कोरोनाचा काळ



२०२० आणि २०२१ या वर्षांत जन्मलेली मुलं आता अंगणवाडीतून पहिलीकडे येत आहेत. प्रवेश अर्जात आपण जन्मतारीख लिहून घेतो. बाळ पुऱ्या दिवसांचं होतं की आधीच जन्मलं, हे मात्र कुठेच विचारत नाही. या दोन वर्षांतल्या मुलांच्या बाबतीत ते विचारायला हवं असं मला वाटतं. का, ते समजण्यासाठी आधी अशा बाळाची काळजी कशी घेतात आणि कोरोनाने त्यात काय बिघडवलं, हे पाहू.

गर्भाचे साधारण ४० आठवडे धरतात. ३७ आठवडे पूर्ण होण्याआधी जन्मलेलं बाळ अकाली जन्मलेलं समजतात. आपल्याकडे 'सातव्यातलं', 'आठव्यातलं' असं म्हणतात. २०२० साली जगात अशी सुमारे १ कोटी ३४ लाख बाळं जन्मली आणि त्यातली सर्वांत जास्त, ३० लाखांच्या आसपास, भारतात. म्हणजे ही काही क्वचित घडणारी गोष्ट नाही.

शेवटच्या आठवड्यांत पोटात बाळाचं नुसतं वजन वाढत नाही. फुप्फुसं फुगलेली राहावीत म्हणून लागणारा स्राव याच काळात पुरेसा तयार होतो. त्वचेखाली चरबी साठते, म्हणून पुऱ्या दिवसांचं बाळ ऊब धरून ठेवतं. चोखणं, गिळणं आणि श्वास घेणं यांचा मेळ साधारण ३४ आठवड्यांच्या सुमारास बसायला लागतो. आणि आईच्या रक्तातली रोगांशी लढणारी द्रव्यं बाळाकडे मुख्यतः याच शेवटच्या टप्प्यात जातात. लवकर आलेल्या बाळाकडे ही शिदोरी अपुरी असते. साथ नसतानाही जंतुसंसर्ग हा त्याचा मोठा शत्रू, मग साथीत घरच्यांच्या पोटात गोळा येणं साहजिकच!

त्या भीतीपोटी २०२०मध्ये अनेक देशांतल्या रुग्णालयांत आई आणि बाळाला वेगळं ठेवलं गेलं. आईला कोरोनाची नुसती शंका असली तरी बाळ दुसऱ्या खोलीत. हेतू चांगला होता. पण अशा बाळासाठी आईचं अंग हा उपचार आहे, लाड नव्हे. ही गोष्ट जरा सविस्तर सांगते.

१९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात एका प्रसूती रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. एकेका पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत आणि संसर्गाने बाळं दगावत. तिथले डॉ. एदगार रेय आणि डॉ. एक्तोर मार्तिनेस यांनी बाळांना आईच्या उघड्या छातीशी उभं बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच 'कांगारू मदर केअर'. बाळाला फक्त लंगोट, टोपडं आणि मोजे घालायचे, बेडकासारखे हातपाय दुमडून छातीवर ठेवायचं, मान एका बाजूला वळवायची, वरून कपडा गुंडाळायचा. एका वेळी निदान तासभर तरी ठेवायचं. आई दमली तर बाबा, आजी, मावशी कुणीही चालतं. (बाबांनी लाजू नये, बाळाला मिशी टोचत नाही.)

पुढे भारत आणि आफ्रिकेतले चार देश मिळून ३ हजारांहून जास्त कमी वजनाच्या बाळांवर एक मोठा अभ्यास झाला. भारतातलं केंद्र दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न बघता जन्मानंतर लगेच आईच्या अंगाशी ठेवलं, तर पहिल्या महिन्यातले मृत्यू सुमारे २५ टक्क्यांनी कमी होतात, असं त्यात दिसलं. हे निष्कर्ष २०२१मध्ये, ऐन साथीत प्रसिद्ध झाले. जागतिक आरोग्य संघटनेनेही तेव्हा हिशेब मांडला. ही पद्धत सगळीकडे पोहोचली तर सव्वा लाखाहून जास्त बाळं वाचतील. उलट, कोरोनाने नवजात बाळं दगावण्याचा अंदाज दोन हजारांच्या आत होता. म्हणून सल्ला असा होता, की आईला कोरोना असला तरी तिने मास्क लावावा, हात धुवावेत आणि बाळाला जवळ घ्यावं, अंगावर पाजावं.

ज्या आईला दूध येत नाही तिच्या बाळासाठी दान केलेलं दूध असतं. मुंबईत सायनच्या रुग्णालयात १९८९पासून अशी दुग्धपेढी आहे. ती आशियातली पहिली, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केलेली.

घरी आल्यावरही काळजी साधीच असते. आपला सव्वा महिन्याचा रिवाज इथे कामाचा आहे, पाहुण्यांची रीघ थांबते. पण शेगडीची धुरी आणि बाळगुटी नको. बाळ पाजताना चोखेनासं झालं, गार पडलं, धापा टाकू लागलं किंवा निळसर दिसलं तर लगेच दवाखाना. लस जन्मतारखेप्रमाणेच द्यायची, 'अजून लहान आहे' म्हणून पुढे ढकलायची नाही.

आता आपल्या शाळेकडे येऊ. ३४ आठवड्यांच्या आत किंवा २ किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळाचा डोळ्यांचा पडदा जन्मानंतर ३० दिवसांच्या आत तपासावा लागतो. पडद्यावर चुकीच्या रक्तवाहिन्या वाढल्या तर दृष्टी जाऊ शकते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. ऐकण्याची तपासणीही करायची असते. मार्च २०२०च्या टाळेबंदीत एसटी बंद, रिक्षा बंद, दवाखान्याची धास्ती. अंगणवाड्याही बंद, त्यामुळे तिथे होणारी आरोग्य पथकाची तपासणी थांबली. आशाताई जमेल तसं घर गाठत होत्या, पण पडदा तपासणं त्यांच्या हातात नाही. त्यामुळे राहिलेल्या तपासण्या काही मुलांच्या बाबतीत आजही राहिलेल्याच असू शकतात. फळ्यावरचं वहीत चुकीचं उतरवणारं किंवा हाक मारल्यावर न वळणारं मूल 'दुर्लक्ष करतं' असं ठरवण्याआधी हे आठवा. अशा मुलांना पुढे जवळच्या दृष्टीचा चष्मा लागण्याची शक्यताही जास्त असते.

दुसरा मुद्दा वयाचा. डॉक्टर पहिली दोन वर्षं अशा मुलाचं वय अपेक्षित तारखेपासून मोजतात. चालणं-बोलणं त्या वयाने जोखतात. प्रवेशाचा नियम मात्र जन्मतारीख बघतो. समजा एका मुलाची अपेक्षित तारीख फेब्रुवारी २०२१ होती आणि ते २८व्या आठवड्यात, म्हणजे नोव्हेंबर २०२०मध्ये जन्मलं. ३१ डिसेंबरला ६ वर्षं पूर्ण हवीत, या नियमाने ते जून २०२६मध्ये पहिलीत बसू शकतं. वेळेवर जन्मलं असतं तर जून २०२७मध्ये बसलं असतं. वर्गातलं सर्वांत लहान मूल, आणि त्यात तीन महिने आधी आलेलं! नियम प्रवेश देतो, सक्ती करत नाही. अशा सीमेवरच्या मुलाला एक वर्ष थांबवावं का, हे पालकांनी बालरोगतज्ज्ञ आणि अंगणवाडीताईंशी बोलून ठरवावं. सगळीच अशी मुलं मागे पडतात असं मुळीच नाही, कितीतरी पुढे असतात.

विचारताना मात्र चारचौघांत विचारू नका. कित्येक आया 'माझंच काही चुकलं का' हा सल अजून बाळगून असतात. माता-बाल संरक्षण कार्ड आणि रुग्णालयातून सुटी झाल्याचा कागद बघायला मागा. त्यावर जन्मवजन आणि आठवडे लिहिलेले असतात. कार्ड हरवलं असेल तर एवढंच विचारा, "बाळाला पेटीत ठेवलं होतं का? आणि नंतर डोळे, कान कधी तपासले?" उत्तर 'नाही' आलं, तर वर्गात बसवण्याआधी एकदा नेत्रतज्ज्ञाकडे आणि कानांच्या तपासणीला पाठवा.