बाटलीत बुडबुडा नको

पहाटे ४.००. गोव्यात मांडवीच्या जेट्टीवर मिट्ट काळोख. सप्टेंबर सरत आलाय. भाड्याच्या ट्रॉलरवर बर्फाची पेटी आणि काचेच्या बाटल्या चढवते. उजाडायच्या आत पाणी घ्यायचं असतं. रात्रभर सगळे जीव नुसता श्वास घेतात, पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठतो आणि पहाटे सामू (pH) तळाला जातो. ऊन चढलं की वनस्पतिप्लवक तो वायू ओढून घेतात, सामू वर येतो. म्हणून वेळ न लिहिलेला सामू माझ्या लेखी रद्दी.

५.४५. कांदोळीसमोर. तळाचं पाणी वर आलं आणि नाकाला पदर लावावा लागला. कुजकी अंडी! "तळाचा पाणी कुसला गो बाय," तांडेल म्हणाले. बरोबरच आहे. पावसाळ्यात खोलातलं प्राणवायू कमी असलेलं पाणी किनाऱ्याकडे सरकतं, कुजण्याच्या कार्बन डायऑक्साइडमुळे त्याचा सामूही कमी. पण प्लवकांचं खतही त्याच पाण्यातून येतं. कमी सामू आणि खत, दोन्हींचा प्लवकांवरचा परिणाम वेगळा काढणं हीच माझी डोकेदुखी.

नळी बाटलीच्या बुडाशी टेकवायची, पाणी ओसंडू द्यायचं, बुडबुडा नको. मग मर्क्युरिक क्लोराइडचे थेंब, नाहीतर आतले जीव जगत राहतील आणि सामू बदलून ठेवतील.

९.००. परत. चहा, पाव.

११.००. रंगद्रव्य घालून २५ अंशांवर सामू मोजते. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या पृष्ठभागाचा सरासरी सामू ८.२ वरून ८.१ वर आलाय. आकडा किरकोळ वाटतो, पण या मोजपट्टीवर त्याचा अर्थ हायड्रोजन आयन पावपटीहून जास्त वाढले. तरी पाणी अल्कधर्मीच. 'समुद्र आम्ल झाला' असं कुणी लिहिलं की चिडचिड होते.

२.३०. सूक्ष्मदर्शक. पहिल्या वर्षी सगळ्या बाटल्यांत आम्लयुक्त आयोडीन घातलं होतं. वनस्पतिप्लवकांपैकी डायटमची कवचं सिलिकाची, ती टिकली. कॉकोलिथोफोरच्या चुन्याच्या चकत्या विरघळल्या, आणि मी 'आढळले नाहीत' असं लिहून मोकळी! आता त्यांची बाटली वेगळी.

या चकत्यांवरून शास्त्रज्ञांतही जुंपली आहे. २००० साली रीबेसेल आणि सहकाऱ्यांना जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये एमिलियानिया हक्सलेई या कॉकोलिथोफोरच्या चकत्या वेड्यावाकड्या, कमी चुन्याच्या दिसल्या. २००८ मध्ये दुसऱ्या गटाला उलट जास्त चुना मिळाला. २०१२ च्या एका प्रयोगात सुमारे ५०० पिढ्यांनंतर पेशी थोड्याफार सावरल्या. काही डायटमना तर हा वायू जास्त मिळाला की मानवतोही. सगळ्यांना एकाच तराजूत तोलता येत नाही.

४.००. सकाळचंच पाणी भरून गच्चीवर उन्हात ठेवलेला कॅन. सामू चढलाय. दीडेकशे वर्षांहून जास्त काळात झाला तेवढा बदल किनाऱ्याच्या पाण्यात एका दिवसातही होतो. तेवढ्यावर निर्धास्त होता येत नाही, कारण सरासरी घसरली की पहाटेचा तळ आणखी खाली जातो. आणि पेशीला पहाटही काढायची असते.

७.००. हरितद्रव्याच्या गाळण्या ॲसिटोनमध्ये बुडवून, फॉइलमध्ये गुंडाळून फ्रीजमध्ये. चोवीस तासांनी वाचायच्या. उद्या पहाटे पुन्हा जेट्टी. बर्फ आताच सांगून ठेवायला हवा.