फ्लॅशगनची साठवणूक व निगा

फ्लॅशगन हे अपुऱ्या उजेडात छायाचित्र घेताना क्षणभर प्रखर प्रकाश देणारे उपकरण होय. ते वापराने जेवढे झिजते, तेवढेच दीर्घकाळ पडून राहिल्यानेही बिघडू शकते.

पार्श्वभूमी

लग्नसराईत छायाचित्रकारांची फ्लॅशगन सतत वापरात असते. चातुर्मासात विवाह थांबतात आणि तुळशीविवाहानंतर पुन्हा सुरू होतात. जळगाव जिल्ह्यातील वरणगावसारख्या ठिकाणी या विश्रांतीच्या आधी भुसावळ परिसराचा कडक उन्हाळा आणि तिच्याच काळात पावसाळी दमटपणा असतो. दोन्ही गोष्टी उपकरणास अपायकारक ठरतात.

रचना

सेलचा काही व्होल्टांचा दाब उपकरणात सुमारे ३०० व्होल्टांपर्यंत वाढवला जातो. ही ऊर्जा धारित्रात, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठते आणि झेनॉन वायूने भरलेल्या नळीतून एका क्षणात मुक्त होते. अमेरिकन अभियंते हॅरल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात हे तंत्र विकसित केले.

निष्क्रियतेचे परिणाम

धारित्रातील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा पातळ विद्युतरोधक थर असतो. विद्युतदाब मिळत राहिल्यास तो टिकतो. अनेक महिने न मिळाल्यास क्षीण होतो. मग वीज झिरपते, धारित्र तापते आणि फ्लॅश सज्ज झाल्याचा दिवा उशिरा लागतो. आत राहिलेले अल्कलाइन सेल गळाल्यास त्यांतील क्षाराने धातूच्या पट्ट्या गंजतात.

निगा

* साठवणुकीपूर्वी सेल काढून ठेवावेत.
* महिन्यातून एकदा चांगले सेल घालून उपकरण सुरू करावे. दिवा लागल्यावर काही मिनिटे तसेच ठेवून, मध्ये पुरेसा अवकाश देत चार-पाच वेळा फ्लॅश उडवावा. यामुळे ऑक्साइडचा थर पुन्हा घडतो.
* फार दिवस बंद असलेल्या उपकरणात प्रथम कमी शक्तीचा फ्लॅश उडवावा.
* उपकरण हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह, उन्हापासून दूर ठेवावे. पुड्या ओलसर झाल्यास बदलाव्यात.
* कपड्यांच्या कपाटातील डांबरगोळ्या व कापूर यांच्याजवळ ठेवू नये.

सुरक्षितता

उपकरण बंद केल्यावर किंवा सेल काढल्यावरही धारित्रात वीज शिल्लक राहते. तिचा धक्का प्राणघातक ठरू शकतो. म्हणून फ्लॅशगन घरी उघडू नये. दुरुस्ती जाणकाराकडूनच करून घ्यावी.