फी भरून काय मिळते? महाराष्ट्रातील खासगी आणि सरकारी शाळा

महाराष्ट्रात ‘खासगी शाळा’ या एका नावाखाली अगदी वेगवेगळ्या शाळा मोडतात. पहिली खासगी अनुदानित शाळा. ती चालवते संस्था, पण शिक्षकांचा पगार शासन देते. १८५४च्या वुडच्या खलित्याने अनुदानाची वाट मोकळी केली. पुढे १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १९१९ साली कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. ग्रामीण महाराष्ट्राचे माध्यमिक शिक्षण मोठ्या प्रमाणावर अशा संस्थांनीच उभे केले आहे, आणि तिथे फी नावापुरतीच असते. दुसरी विनाअनुदानित वा अंशतः अनुदानित शाळा. तिथले शिक्षक अनुदानाचा पुढचा टप्पा कधी मिळेल याची वाट पाहत तुटपुंज्या पगारावर शिकवत असतात. तिसरी स्वयंअर्थसहाय्यित शाळा. २०१२च्या कायद्याने तिला रीतसर चौकट मिळाली. तिचा सगळा खर्च फीतून चालतो आणि माध्यम बहुतेक वेळा इंग्रजी असते.

सरकारी बाजूलाही जिल्हा परिषद, नगरपालिका, महानगरपालिका, आश्रमशाळा आणि प्रवेश परीक्षा घेऊन मुले निवडणारी नवोदय विद्यालये असे प्रकार आहेत. पालकांना प्रत्यक्षात पडणारा प्रश्न मात्र बराच नेमका असतो: गावातली जिल्हा परिषदेची मराठी शाळा, की तालुक्याच्या ठिकाणची पिवळी व्हॅन पाठवणारी इंग्रजी शाळा?

जिल्हा परिषद शाळेत फी नसते. पाठ्यपुस्तके आणि दुपारचा पोषण आहार मोफत मिळतो. इंग्रजी शाळेचा खर्च फीपाशी थांबत नाही. गणवेश, शाळेनेच सांगितलेल्या दुकानातली पुस्तके, व्हॅनचे भाडे आणि घरी इंग्रजी शिकवणारे कोणी नसल्यामुळे लावलेली शिकवणी, असा सगळा हिशेब असतो. फीवाढ पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागेल, अशी तरतूद राज्याने २०११च्या शुल्क विनियमन कायद्यात केली. ती वापरायची तर कायदा वाचणारे आणि बैठकीत उभे राहून बोलणारे पालक हवेत, आणि असे पालक थोडे असतात.

एवढा खर्च करून मूल जास्त शिकते का, हे ठरवणे सोपे नाही. खासगी शाळेतल्या मुलांचे गुण अधिक दिसतात, पण त्या मुलांच्या घरी शिकलेले आईवडील, पुस्तके आणि पैसा हेही अधिक असते. शाळेचा वाटा किती आणि घराचा किती, हे नुसत्या निकालपत्रावरून कळत नाही. ही गाठ सोडवणारा भारतातला सर्वांत काटेकोर प्रयत्न आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी १८० गावांत सोडत काढून काही सरकारी शाळांतल्या मुलांना खासगी शाळेची फी भरणारी शिष्यवृत्ती दिली. निवड सोडतीने झाल्यामुळे शिष्यवृत्ती मिळालेल्या आणि न मिळालेल्या अशा दोन्ही गटांतली घरे सारखीच होती. चार वर्षांनंतर तेलुगू आणि गणितात दोन्ही गटांची मुले बरोबरीत निघाली. खासगी शाळांतली मुले पुढे होती ती मुख्यतः हिंदीत, कारण तो विषय सरकारी प्राथमिक शाळांत शिकवलाच जात नव्हता. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारी शाळांच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी होता आणि तेलुगू व गणिताला त्या कमी वेळ देत होत्या. म्हणजे त्या थोड्या पैशांत तेवढेच शिकवत होत्या. सरकारी तिजोरीच्या दृष्टीने हा निष्कर्ष बोचणारा आहे. पालकाच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा की, भाषा आणि गणित या पायाभूत विषयांत फी भरून वेगळे काही हाती लागत नाही.

मग पालक पैसे मोजतात ते कशासाठी? सर्वांत आधी इंग्रजीसाठी. ही ओढ फोल म्हणता येत नाही. नोकरीच्या मुलाखतीत काय विचारतात ते आईवडिलांनी पाहिलेले असते. परंतु घरात आणि गल्लीत जी भाषा कानावर पडत नाही, तिच्यात पहिलीपासून गणित आणि परिसर अभ्यास शिकणारे मूल पाठांतरावर तग धरते. शिक्षकाचे स्वतःचे इंग्रजी कच्चे असेल तर हे नुकसान दुप्पट होते. जिल्हा परिषदेच्या अनेक शाळांनी काढलेला सेमी-इंग्रजीचा मार्ग या ओढीला अधिक समंजस उत्तर देतो.

शिक्षकांच्या बाबतीत चित्र उफराटे आहे. जिल्हा परिषदेचा शिक्षक पदविका किंवा पदवी आणि पात्रता परीक्षा अशा पायऱ्या चढून आलेला असतो, तर कमी फीच्या खासगी शाळेत पगार अल्प आणि शिक्षक वर्षागणिक बदलणारे. पण जिल्हा परिषद शाळेत रिक्त पदे असतात, एकच शिक्षक दोन-तीन इयत्ता सांभाळतो, आणि निवडणूक व जनगणनेची कामे तर शिक्षण हक्क कायद्यानेच त्याच्यावर टाकता येतात. वर ऑनलाइन माहिती भरण्याचा ससेमिरा. वर्गात हजर असलेला चांगला शिक्षकही अशाने वर्गाला पुरेसा लाभत नाही. एरवी या शाळा काय करू शकतात ते साताऱ्यातल्या कुमठे बीटने ज्ञानरचनावादी पद्धतीने दाखवले आहे; त्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० साली ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला.

सरकारी शाळांचा पट सतत घसरतच जातो असेही नाही. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीनुसार ग्रामीण भारतात ६ ते १४ वयोगटातली ६५.६ टक्के मुले २०१८ साली सरकारी शाळांत होती. कोविडनंतर, २०२२ साली, हा आकडा ७२.९वर गेला आणि २०२४ साली ६६.८वर परतला. हातात पैसा आला की मुले खासगी शाळेत जातात, आटला की परततात.

गरीब घरांतल्या मुलांसाठी २००९च्या शिक्षण हक्क कायद्याने विनाअनुदानित खासगी शाळांत २५ टक्के जागा राखल्या. सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला यातून सूट देणारी अधिसूचना राज्य शासनाने फेब्रुवारी २०२४मध्ये काढली; त्याच वर्षी जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती रद्द केली. हा निकाल योग्यच होता. मात्र या जागांनी शेजारची सरकारी शाळा सुधारत नाही. तक्रार करू शकणारे पालक एकेक करून निघून गेले की शाळा व्यवस्थापन समितीत आवाज उरत नाही, पट वीसच्या खाली येतो आणि शाळा बंद करून समूह शाळेत विलीन करण्याची चर्चा सुरू होते. वस्ती-पाड्यावरच्या, विशेषतः मुलींच्या, शिक्षणाला याचा थेट फटका बसतो.

म्हणून फी सार्थकी लागते ती थोड्या ठिकाणी: जिथे जवळच्या सरकारी शाळेत शिक्षकच नाही, किंवा जिथे खासगी शाळेचे शिक्षक टिकून आहेत आणि घरी इंग्रजीचा आधार आहे. शाळा निवडण्यापूर्वी तिसरीच्या दोन-चार मुलांना अनोळखी उतारा वाचायला आणि हातच्याची वजाबाकी करायला सांगितली, तर इमारतीवरून आणि गणवेशावरून कळत नाही ते दहा मिनिटांत कळते. प्राथमिक टप्प्यानंतर तर ही निवड बऱ्याच गावांत आपोआप मिटते. जिल्हा परिषदेच्या बहुतेक शाळा चौथी किंवा सातवीपर्यंतच असतात. त्यापुढे मराठी शाळेतले मूल, आणि अनेकदा इंग्रजी शाळेची फी न झेपल्याने परत आलेले मूलही, एकाच अनुदानित हायस्कूलच्या एकाच वर्गात येऊन बसते.