फाइल एकीकडे, नाव दुसरीकडे

लिनक्स संगणकाला भारतीय वेळ कळते ती 'ईटीसी' डिरेक्टरीतल्या 'लोकलटाइम' या नावावरून. बहुतेक लिनक्स प्रणालींत या नावाखाली वेळेची माहिती नसतेच. असतो तो फक्त एक मार्ग, 'झोनइन्फो' डिरेक्टरीतल्या 'आशिया/कोलकाता' या फाइलपर्यंत नेणारा. लंडनला गेल्यावर हाच मार्ग 'युरोप/लंडन'कडे वळवला की घड्याळ तिथली वेळ दाखवू लागते. मूळ फाइलींना हातही लावावा लागत नाही. ही किमया सिम्बॉलिक लिंकची, म्हणजेच सिमलिंकची.

युनिक्समध्ये, आणि त्याच धर्तीच्या लिनक्समध्येही, फाइल आणि तिचे नाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आकार, मालक, परवानग्या, डिस्कवरची जागा हे सारे 'आयनोड' नावाच्या नोंदीत असते. नाव मात्र डिरेक्टरीत. एकाच आयनोडला दुसरे नाव दिले की ती झाली हार्ड लिंक. पण ती एका फाइल सिस्टिमची हद्द ओलांडू शकत नाही आणि डिरेक्टरीसाठी सहसा चालत नाही. 1983 साली बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलेल्या '4.2 बीएसडी' या युनिक्स प्रणालीतल्या सिमलिंकने ही अडचण दूर केली. सिमलिंक ही स्वतंत्र, चिमुकली फाइल असते. तिच्या पोटात मार्गाचा मजकूर असतो, बाकी काही नाही. कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तो वाचतो आणि त्या मार्गाने पुढे जातो. 'एक्सटी4' फाइल सिस्टिममध्ये हा मार्ग 60 बाइटपेक्षा कमी असेल, तर तो थेट आयनोडमध्येच मावतो.

लिंक बनवायची आज्ञा 'एलएन -एस'. पुढे आधी मूळ मार्ग, मग नवे नाव. मार्ग सापेक्ष असेल, तर तो लिंक जिथे आहे त्या डिरेक्टरीपासून मोजला जातो, आपण आज्ञा देताना जिथे होतो तिथून नव्हे. नवशिक्यांची गफलत हमखास इथेच होते. मूळ फाइल हलवली तर लिंक तशीच राहते, पण कुठेच पोचत नाही. दोन लिंका एकमेकींकडे वळल्या, तर लिनक्स 40 टप्प्यांनंतर शोध थांबवून चूक दाखवतो.

सिमलिंक पुसल्याने मूळ फाइल जात नाही, तसेच नुसती सिमलिंक जपल्याने मूळ फाइल जपली जात नाही. म्हणून बॅकअप घेण्याआधी 'एलएस -एल' ही आज्ञा जरूर द्या. ओळीच्या सुरुवातीला 'एल' आणि शेवटी बाण दिसला, तर बाणापुढच्या मूळ फाइलचीही प्रत घ्या.