कचेरीला ई-मेल लिहितांना

वडील माणसाला ‘साष्टांग नमस्कार विनंति विशेष’ आणि कचेरींतील साहेबाला ‘महाशय’, एवढें वळण पूर्वीं मराठी शाळेंतच हाताला लागत असे. ई-मेल आला, आणि घाईघाईंत मायना मागें राहिला.

गेल्या वर्षीं माझ्या पुतण्याच्या गुणपत्रिकेंत आईचें नांव चुकीचें छापलें गेलें. त्यानें परीक्षेच्या कचेरीस ई-मेल धाडला. विषयाची जागा कोरी. मजकूर एवढाच : ‘सर, मार्कलिस्टमध्ये मिस्टेक आहे, प्लीज लवकर करून द्या.’ खालीं नांव नाहीं, आसनक्रमांक नाहीं, परीक्षा कोणती याचा पत्ता नाहीं. तीन आठवडे लोटले. प्रवेशाची मुदत चार दिवसांवर आली, तेव्हां मुलगा म्हणाला, “काका, तेथें कोणी वाचतच नाहीं!” मीं तें पत्र पाहिलें. तें वाचून तरी कारकुनानें काय करावें?

आम्ही दुसरें पत्र लिहावयास बसलों. कचेरींत ई-मेलांची रांग लागते, आणि उघडण्यापूर्वीं दिसतो तो मुख्यतः विषय. म्हणून तेथें परीक्षेचें नांव, वर्ष, आसनक्रमांक आणि ‘आईच्या नांवांतील दुरुस्ती’ हे शब्द घातले. मायना ‘माननीय महोदय किंवा महोदया’ असा. वाचणारा पुरुषच असेल, हें गृहीत कां धरावें? पहिल्याच वाक्यांत मागणी. मग छापलेलें नांव व खरें नांव, एकाखालीं एक. मग प्रवेशाची अखेरची तारीख. शेवटीं ‘आपला नम्र’, पूर्ण नांव व दूरध्वनि.

मुलाला वरिष्ठांनाही प्रत धाडावयाची होती. ‘सीसी’ हीं अक्षरें टंकलेखनयंत्रांतल्या कार्बन कागदाच्या प्रतीवरून आलीं आहेत. ती प्रत कोणाला गेली, हें सर्वांना दिसतें. पहिल्याच विनंतीबरोबर वरिष्ठाला प्रत पाठविणें म्हणजे दार वाजवितांनाच पंच बरोबर नेणें. मीं तें खोडलें.

पुराव्याचें छायाचित्र जोडतांना आणखी एक गंमत कळली. ई-मेलची मूळ व्यवस्था साध्या अक्षरांसाठींच घडलेली. म्हणून चित्र बहुधा अक्षरांच्या वेषांत पाठवितात, आणि त्यांत तिनाच्या जागीं चार अक्षरें होतात. १५ एमबींचें चित्र वाटेंत सुमारें २० एमबींचें होतें! आकाराची मर्यादा असलेल्या पेटींतून असें पत्र परत येतें. आम्ही तें लहान करून जोडलें.

असें पत्र जपून ठेवावें. २००० सालच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमानें इलेक्ट्रॉनिक लेखास लेखी मजकुराची मान्यता दिली आहे. एरवीं कांहीं ठरलें नसेल, तर आपल्या ताब्याबाहेरच्या संगणकव्यवस्थेंत तें शिरलें, कीं तें रवाना झालें, असें कायदा मानतो. मात्र त्याच कायद्याचें ९ वें कलम असेंही सांगतें, कीं सरकारी खात्यानें कागद ई-रूपांतच स्वीकारावा, असा हट्ट नागरिकाला धरतां येत नाहीं.

तसेंच झालें. तिसऱ्या दिवशीं उत्तर आलें : मूळ गुणपत्रिका व आईच्या नांवाचा पुरावा घेऊन समक्ष यावें. मुदतीला एक दिवस उरला होता. पुतण्या पहाटेच्या गाडीनें निघाला.